आमच्या वडावरची वाघळं

त्या दिशी वडाखाली आमी चौघं व्हतो: आमचं मालक, थोरला ल्योक, सरपंच आन मी. झाड पाडणारी माणसं लांब उबी व्हती.

मालकांची नजर मिलिट्रीतनं आल्यावर गेली. तवापासनं वडाखाली बाज टाकून दिसभर वरची वाघळं ऐकायचं. जाग्यावरनं भांडत्यात का पिल्लू आयला हाका मारतंय, आवाजावरनं सांगायचं. मागं कालीजातली एक पोरगी आवाज भरून घ्यायचं मशीन घिऊन आलती. म्हणली, "आजोबा, आटपाडीकडची वाघळं येगळी वरडत्यात. ह्यांच्यावाणी न्हाई."

मालक हासलं. "मंग? आटपाडीच्या इवायाचं बोलणं तरी मला कुटं समदं कळतंय?"

पुढं रस्ता रुंद करायचा ठरला. झाड पाडायच्या आदी नारळ फोडून वरच्या जीवांस्नी दुसरीकडं जावा म्हणायची आमच्यात रीत हाय. सरपंच म्हणला, "आप्पा, नारळ तुमीच फोडा. घरातल्यांपरीस तीच तुमचं जास्त ऐकत्यात."

मालकांनी नारळ फोडला. वर तोंड करून म्हणलं, "कुंडलच्या चिंचंवर जावा. तितं तुमचीच हायती."

चैत चालला व्हता. पिल्ली आयांच्या पोटाला चिकटून व्हती. कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई. माझ्या बी न्हाई, चार लेकरं काडलेली मी. वड पडला तशी पिल्ली खाली आली. मी पाटीत गोळा केली. एक बी जगलं न्हाई. मोठी वाघळं दोन दिस उनातच घिरट्या घालत व्हती, मंग दिसंनाशी झाली.

म्हैन्यानं मालक म्हणलं, "कुंडलला चल." यष्टीनं गेलो. चिंच वाघळांनी काळी झालती. मालक काठीवर हात ठिवून लय येळ ऐकत बसलं.

"ही न्हवंत."

"आवं, आसतील की वरच्या फांदीला."

"इतकी वर्सं ऐकलंय गं मी. आपल्यातलं एक बी न्हाई ह्यात. मीच त्यास्नी परक्याच्या दारात धाडलं."

सांजच्या यष्टीनं माघारी आलो.  आता मालक भाईर बसत न्हाईत. कान बी चाललंत.

त्या पोरीच्या मशीनात आमच्या वडाचा आवाज हाय. तिचं गाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं. हे नातीकडनं लिवून घेतलंय. वाचणाऱ्यांत कुणी तिला वळखत आसंल, तर सांगा, त्यो आवाज घिऊन एकदा ये. मालकांच्या उजव्या कानाला आजून थोडं ऐकू येतंय.