एका बोटाचे वीस नमुने

‘निगेटिव्ह’ हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. बीडच्या कॉलेजात गणित शिकवताना मी हिवतापाचं एक मॉडेल तयार केलं होतं. डास किती, माणसं किती, त्यातली आजारी किती, यावरून पुढे ताप कुठे पसरेल ते सांगायचं. फवारणीचं औषध कमी होतं, म्हणून कोणत्या वस्त्या फवारायच्या ते त्यावरून ठरणार होतं. आमच्या मेंढपाळ वस्तीचे आरोग्य खात्याच्या रजिस्टरातले सगळे रक्तनमुने निगेटिव्ह होते. मॉडेलने वस्ती यादीतून वगळली आणि मी खूश झालो. आपलीच वस्ती, म्हणून जरा जास्तच.

दोन महिन्यांनी चुलतभावाचा फोन आला. सहा महिन्यांची गरोदर वहिनी थंडी वाजून तापाने फणफणली होती. तपासणीत हिवताप निघाला, तिला दवाखान्यात हलवलं.

मी तडक नमुने घेणाऱ्या कर्मचाऱ्याचं घर गाठलं. गडी ओसरीवर निवांत चहा पीत बसला होता. वस्ती निगेटिव्ह होती तर हे कसं झालं, असं विचारलं.

“सर, महिन्याचं टार्गेट असतंय. तुमची माणसं दिस उगवायच्या आत मेंढरं घेऊन रानात. बोट कुणाचं टोचू? माझ्याच बोटाच्या रक्ताच्या वीस काचा केल्या, नावं यादीतली टाकली. समदेच करत्यात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

“तुमी तरी कवा वस्तीवर येऊन बघितलं, सर?”

महिनोन्‌महिने वीसच्या वीस निगेटिव्ह. पहिल्या वर्षाच्या पोरालाही शंका आली असती. मला आली नाही, कारण समीकरण झकास बसत होतं. त्याने कागदी घोडे दिले आणि मी ते नाचवले. त्याच्याइतकाच मला माझाही संताप आला.

दवाखान्यात गेलो तेव्हा वहिनी वाचली होती, मूल गेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“भावजी, औंदा फवारणीवाले आलेच न्हाईत. यादीत आपली वस्ती नव्हती म्हणं,” ती म्हणाली. “तुमी शिकलेले. ज्यानं ती यादी केली त्याला जाब इचारा.”

“विचारतो,” मी म्हणालो.