घणाखालची फुली

कापितोलिनाला सगळे कापा म्हणत. रशियातल्या उरलमधल्या आमच्या कारखान्यात ती वाफेच्या घणाचा दांडा चालवायची. सांडशीवर पुरुष, दांड्यावर बाई, अशीच तिथली पद्धत. तिचा लोहार येफिम साव्विच. त्याने बोट हलवलं की ती दांडा खेचायची आणि घण खाली यायचा. मी वर क्रेनवर असायचे, म्हणून त्या दिवशीचं सगळं मला दिसलं.

टायटॅनियमचा ठोकळा होता. काम लांबलं, ठोकळ्याची लाली उतरत आली. कापाचा हात थांबला.

"येफिम साव्विच, बाजूला फुली उमटलीय बघा. बाकी काळवंडलंय, तेवढीच पेटलीय."

"मग छातीवर क्रूस काढ आणि मार."

तिने मारलं. ठोकळा त्या लखलखत्या रेघेवरूनच फुटला. अर्धा तुकडा येफिमच्या कानाजवळून गेला आणि मागच्या लोखंडी दारात रुतला. येफिम उभा होता, पण डोक्यावर टोपी नव्हती. मी धावत खाली उतरले. कापाची बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवावी लागली.

प्रयोगशाळेतल्या रिम्मा ल्वोव्हनाने उरलेला तुकडा कापला, घासला आणि कापाला भिंगाखाली दाखवला. आत केसाएवढी पांढरी रेघ होती.

"घण इतक्या झटक्यात येतो की उष्णतेला पसरायला सवडच मिळत नाही," रिम्मा म्हणाली. "जिथे धातू आधी सरकतो, तिथेच तापतो. तापला की मऊ पडतो, आणि मऊ पडला की पुढचं सगळं सरकणं तिथेच गोळा होतं. टायटॅनियममधून उष्णता आधीच हळू जाते, त्यात ठोकळा निवत आला की हे आणखी वाढतं आणि तो त्याच रेघेवरून फुटतो."

"आणि बाहेरून फुली दिसलीच नाही तर?"

"तरी आत रेघ असू शकते."

हे ऐकून कापाची झोप उडाली. आधी तिला घणाची भीती वाटायची, आता प्रत्येक ठोकळ्याची वाटू लागली. जेवणाच्या सुट्टीत कोबीचं सूप तसंच गार व्हायचं.

"हे तुकडे विमानात जातात गं," ती मला म्हणायची. "वर गेल्यावर फुटला तर?"

तिने बदली मागितली, मिळाली नाही. पुढे एकदा ठोकळ्याची लाली जरा मावळताच तिने दांडा सोडून दिला. फुली दिसत नव्हती, तरी सोडला.

"मार म्हणतो ना!" येफिम ओरडला.

"भट्टीत घाला परत. मी नाही मारणार."

शिव्या देतच त्याने ठोकळा परत तापवला. नंतर तो ठोकळा मुद्दाम कापून पाहिला, तर आत काहीच नव्हतं. येफिमने साऱ्या शेडसमोर तिला कमरेत वाकून नमस्कार केला.

"काय बाईसाहेब, भूत सापडलं का?"

"नाही सापडलं. उद्याही थांबेन."

"थांब बाई, थांब," तो पुटपुटला आणि सांडशी घेऊन नेहमीपेक्षा एक पाऊल बाजूला उभा राहिला.

निवृत्त होईपर्यंत कापा त्याच दांड्यावर होती. रोज सकाळी तिचे हात बर्फासारखे गार असायचे. मी माझ्या हातांत धरून चोळून द्यायचे, मगच ती घणाकडे जायची.