खुडूक बसलेली तांबडी

मानमोडीच्या साथीत आमचा शेवटचा गावरान कोंबडा मेला. सासूबाईंनी माहेराहून आणलेलं वाण ते. आता एक तांबडी कोंबडी तेवढी उरली आहे, आणि ती खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे. कोंबडा जाऊन महिना उलटल्यावर घातलेली अंडी. त्यांतून पिल्लू निघायचं नाही. तरी ती चोचीने एकेक अंडं उलटवते, पुन्हा पोटाखाली ओढते. हात घातला तर केवढी ऊब! ती ऊब खरी आहे, याचंच वाईट वाटतं.

"पोल्ट्रीतली पिल्लं आणून सोडू का तिच्याखाली?" मी विचारलं. "तिला कळायचं नाही."

"मला कळेल ना गं," सासूबाई म्हणाल्या.

खुडूक मोडायला कोंबडीला गार पाण्यात बुडवतात. सकाळपासून बादली भरून ठेवली आहे. आम्ही दोघी बादलीला वळसा घालून ये-जा करतो.