मंडईला येतो तो गावचा

बंद घरासमोर आलं की तो आधी कुलूप हातात घ्यायचा. ओढून बघायचा नाही, नुसतं तळहातावर तोलायचा, अंगठ्याने वरची धूळ पुसायचा आणि माझ्याकडे न बघता सांगायचा, "गेला नाही, गुर्जी. फिरून राहिला."

मी जनगणनेचा फॉर्म उघडून उभा असायचो. फॉर्मात 'फिरून राहिला' असा रकाना नव्हता.

झाडीपट्टीतल्या सानगडीच्या आसपासच्या एका गावातली ही गोष्ट. सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागलं होतं. मी वऱ्हाडातून बदली होऊन तिथल्या शाळेत आलेला मास्तर आणि तो गावचा कोतवाल. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण गावातही ते कुणी घेत नसे. मोठी माणसं कोतवाल म्हणत, पोरं कोतवालबाबा म्हणत आणि त्याची बायको 'आयकलं का?' एवढ्यावर तीस वर्षं काम भागवत आली होती. दवंडी पिटायची, तलाठ्याचे कागद साकोलीला तहसीलीत न्यायचे, साहेब आला तर पुढे चालायचं, ही त्याची नोकरी. घर ढिवरांचं. सरकारी खाकी अंगावर चढली तरी पहाटे जाळं घेऊन तलावावर जाणं काही सुटलं नव्हतं. सकाळी तो तहसीलचं पत्र आणून द्यायचा तेव्हा पत्राला मासळीचा वास यायचा. तलाठ्याने याबद्दल त्याला बरेचदा टोकलं, शेवटी तलाठ्यालाच सवय झाली.

जनगणनेचं काम आलं तेव्हा मला घरं दाखवायला तो बरोबर होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात गेरूचा डबा. भिंतीवर घर क्रमांक घालायचा मान त्याचा. मी फेब्रुवारीच्या त्या दिवसांत दारोदार विचारत होतो, घरात किती माणसं. आणि दर तिसऱ्या घरी भांडण होत होतं.

धान कापून, मळून झालं की तिकडचे गडी बाहेर पडतात. कुणी नागपूरला बांधकामावर, कुणी विटाभट्टीवर, कुणी पार भिलाईला. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी परततात. म्हणजे मोजायला मी गेलो ते नेमकं घर रिकामं असण्याच्या दिवसांत. घरात राहिलेल्या म्हाताऱ्या मला मुलांची नावं सांगायच्या आणि मी ती लिहायचो नाही. जो इथे नाही तो इथे मोजायचा नाही, असा नियम. एका म्हातारीने आतून पितळी थाळी आणून माझ्या फॉर्मावर ठेवली. मुलाची थाळी घरात आहे आणि मुलगा घरात नाही, हे असं कसं, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी तिला समजावलं, की त्याला नागपुरात कुणीतरी मोजेल. कोतवालाने बाहेर आल्यावर विचारलं, "बिल्डिंगीच्या रेतीवर झोपते त्याले कोन मोजते, गुर्जी?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी मास्तर असल्यामुळे दिलं मात्र. काय दिलं ते आता आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरं.

माझ्या वर्गातही तेव्हा भूगोलाचा तोच धडा चालू होता. स्थलांतराची कारणं: रोजगार, शिक्षण, विवाह. स्थलांतराचे प्रकार: हंगामी आणि कायमचे. कोतवाल शाळेत टपाल द्यायला आला की खिडकीशी टेकून ऐकत राहायचा. एक दिवस विवाहाचं कारण ऐकून तो दचकलाच. लग्न होऊन सासरी येणारी बाई म्हणजे स्थलांतर, असं पुस्तकात छापलंय हे त्याला पटेना. मी जनगणनेचे फॉर्म काढून जन्मस्थानाचा रकाना वाचून दाखवला. एकूणएक बायका बाहेरगावी जन्मलेल्या. लाखनीच्या, करडीच्या, कुठल्या कुठल्या. तो म्हणाला, "म्हंजे अर्धं गाव बाहेरचंच हाय. अन् आमी गडी उगाच मिशा पिळून राहिलो."

त्याचं स्वतःचं शास्त्र वेगळं होतं आणि खरं सांगायचं तर माझ्या पुस्तकापेक्षा सोपं होतं. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. तुम्ही तिकडचे नसाल तर मंडई म्हणजे भाजीबाजार समजाल. मीही तसंच समजलो होतो आणि पहिल्या वर्षी पिशवी घेऊन निघालो होतो. मंडई म्हणजे जत्रा. दुपारी दंडार हा नाचगाण्याचा खेळ, फुगे, जिलबी, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, बाहेर कामाला गेलेला गावचा माणूस कुठेही असो, त्या दिवशी येतो.

कोतवालाची मोजणी त्या दिवशी व्हायची. तो सडकेवर बस थांबते तिथे सकाळपासून उभा असायचा. रोवण्याला येतो तो गेलेलाच नाही. रोवण्याला येत नाही पण मंडईला येतो, तो अर्धा गेला. एक मंडई चुकली तर हरकत नाही, आजारपण असतं, मुकादम सोडत नाही. पण लागोपाठ दोन मंडया चुकल्या की तो माणूस पाहुणा. झालं. फॉर्म नाही, सही नाही.

हा नियम गमतीचा नव्हता बरं का. सुताराचा धाकटा भाऊ भिलाईला कारखान्यात लागला होता. तो तीन वर्षांनी आला, तेव्हा चावडीत हातपंप कुठे बसवायचा याची चर्चा चालू होती. त्याने इस्त्रीची पँट सांभाळत उभं राहून सांगितलं, देवळाजवळ बसवा. दाराशी काठी धरून उभ्या असलेल्या कोतवालाला तिथे बोलायचा काही अधिकार नव्हता. तरी तो म्हणाला, "पाहुन्यानं चाय पेवावं." चावडी हसली. तो भाऊ लालबुंद होऊन खाली बसला आणि पुढच्या मंडईला बायकोपोरांसह हजर झाला. असा त्या माणसाच्या शब्दाला भाव होता.

मी एकदा सहज विचारलं, माझं काय? तो म्हणाला, "तुमी दोन मंडया काडल्या इथं. तुमी गावचे." मी घरी आईला पत्र लिहिताना ही गोष्ट गाळली.

आता त्याच्या मुलाचं सांगतो.

एकुलता एक मुलगा. दहावीनंतर लाखनीला सडकेवरच्या एका पंक्चरच्या दुकानात लागला. लाखनी म्हणजे घरचं अंगण, रोज संध्याकाळी सायकलने घरी. मग कुठल्याशा ट्रकवाल्याच्या ओळखीने तो नागपूरला गॅरेजमध्ये गेला. तिथे गावचा एक गवंडी आधीच राहत होता, त्याच्या खोलीत उतरला. नंतर तीच गल्ली हळूहळू आमच्या गावाची होत गेली. बायको गावाला ठेवून तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मग पोर झालं आणि मुलगी दोन महिन्यांची असताना तो दोघींना घेऊन गेला. गावात बायका म्हणायच्या, बायको नेली की माणूस गेला. त्या वर्षीच्या मंडईला मुलगा आला नाही. कोतवाल शेवटच्या बसपर्यंत सडकेवर होता, आणि परतताना माझ्या खोलीपाशी थांबून, मी न विचारता म्हणाला, "एक चुकते. कोनाची बी चुकते."

त्यानंतरच्या फेब्रुवारीत ती जनगणना. त्याचं घर त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. माझ्या खोलीच्या अगदी समोर त्याचं अंगण, त्यामुळे त्या घरात किती माणसं हे मला विचारायची गरज नव्हती. तरी फॉर्म उघडून विचारलं. तो गेरूचा डबा खाली ठेवत म्हणाला, "पाच."

मुलगा कालच आला, सून आणि पोरही आली, पोरीला दवाखान्यात दाखवायला साकोलीला गेली आहेत, असं त्याने एका दमात सांगितलं. दोरीवर दोन माणसांचे कपडे वाळत होते. त्याची बायको दारात बसून तांदूळ निवडत होती, ती सुपातून मान वर करीना. ज्या माणसाने महिनाभर माझ्याबरोबर फिरून म्हाताऱ्यांची भांडणं मिटवली, जो नसेल त्याचं नाव लिवता येत नाही म्हणून त्यांच्याशी हुज्जत घातली, तो खाली बघून काठीने जमीन उकरत होता.

मी पाच लिहिले. तिघांची नावं, वयं, सगळं. नागपुरातही ती कुणीतरी लिहिली असतीलच. देशाच्या लोकसंख्येत तीन माणसं माझ्यामुळे जास्त झाली, त्याची लाज तेव्हा वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

पुढची मंडई आली. आठवडाभर आधी त्याच्या बायकोने घर सारवलं. त्याने स्वतः मोठे मरळ मासे मडक्यात पाणी घालून जिवंत ठेवले. त्याचा नियम गावात सगळ्यांना पाठ होता आणि ही दुसरी मंडई आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर सडकेवर उभा राहिलो. बस आली की लोक उतरायचे, त्याला हाक मारायचे, तो प्रत्येकाला हसून 'या' म्हणायचा आणि बसच्या दाराकडे बघत राहायचा. दुपार कलली तसे लोक त्याच्याशी जरा कमी बोलू लागले. सुताराचा भिलाईवाला भाऊ उतरला, त्याने कोतवालाकडे बघितलं, काय समजायचं ते समजला आणि टोमणा मारायची एवढी आयती संधी सोडून गुपचूप पुढे गेला. मला तो माणूस त्या दिवसापासून आवडायला लागला.

संध्याकाळी आम्ही परत आलो. मरळ मासे त्याने शेजारच्या घरी नेऊन दिले.

दोन दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्याला वाचता येत होतं, तरी त्याने ते माझ्याकडे आणलं. मुलाने लिहिलं होतं की मालकाने सुटी दिली नाही, पुढच्या रविवारी येतो. नागपुरात रेशनकार्ड काढायचं आहे, त्यासाठी गावच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, तो बाबांनी तेवढा मिळवून ठेवावा. खाली आईला नमस्कार. वाचून झाल्यावर त्याने कार्ड परत घेतलं, घडी होत नाही हे माहीत असूनही घडी घालायचा प्रयत्न केला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो साकोलीहून अर्जाचा कागद घेऊन माझ्याकडे आला. मी पेन उघडून विचारलं, कोणाकोणाची नावं कमी करायची. मला वाटलं होतं, निदान पोरीचं नाव तरी राहू दे म्हणेल. ती याच घरात जन्मली होती. मी तसं सुचवलंही.

"नाही," तो म्हणाला. "तिले तिथं साखर भेटली पायजे ना."

मी तिन्ही नावं लिहिली. त्याने सही केली, कागद टोपीत ठेवला आणि दोनदा साकोलीची फेरी मारून आठवड्याच्या आत दाखला आणला. दुसऱ्या कुणाचा असता तर महिना लागला असता.

रविवारी दहाच्या सुमारास ती तिघं आली. मुलाच्या हातात संत्र्यांची पिशवी, बायकोच्या कडेवर मुलगी. मी माझ्या ओट्यावर दाढी करत बसलो होतो, म्हणून सगळं बघितलं. तुम्हाला ठाऊकच असेल, आपल्याकडे घरचा माणूस बाहेरून आला की सरळ मागच्या विहिरीवर जातो, दोर सोडतो, पाय धुतो आणि घरात शिरतो. त्याला कुणी विचारत नाही. अंगणात पाणी आणून द्यायचं ते परक्याला. मुलगा चपला काढून सवयीने मागच्या बाजूला वळला. तेवढ्यात कोतवाल घरातून बाहेर आला. अंगात धुतलेली खाकी, हातात भरलेला तांब्या, घासून लखलखीत केलेला. तो त्याने दोन्ही हातांनी पुढे धरला.

"राहू द्या बाबा, मी जातो ना विहिरीवर," मुलगा म्हणाला.

"कायले? थकून आला असशीन. घे."

मुलाने तांब्या घेतला. त्याला बरंच वाटलं असावं, बाप रागावलेला नाही असं. हसत हसत त्याने पाय धुतले, तांब्या बापाला परत दिला, संत्री आईच्या हातात दिली आणि बसमध्ये किती धक्के बसतात ते सांगत आत गेला. आई पिशवी पोटाशी धरून दारातच उभी होती. ती नवऱ्याकडे बघत होती.

सून नातीला कडेवरून उतरवून आत गेली होती; अंगणात नात उरली. तिला नुकतं चालता यायला लागलं होतं. तिने बापाचं बघितलं होतं, म्हणून तिनेही आपला एक पाय पुढे केला. कोतवाल खाली बसला. तांब्यातलं उरलेलं पाणी तो तिच्या पायावर घालू लागला, अगदी बारीक धार धरून, म्हणजे लवकर संपू नये.