स्वतःविरुद्धची तक्रार

शिवलकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोर्टात उभी होते. साक्षीदाराची उलटतपासणी अर्ध्यावर होती आणि पर्समध्ये फोन घरघरत होता. बाहेर व्हरांड्यात येऊन पाहिलं तर शिवलकरवहिनींचे तीन कॉल. मी लावला. "अगं, हे गेले," त्या म्हणाल्या. "सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि तसेच..." पुढे त्यांना बोलता येईना. त्यांना धीर द्यायला मला तोंड हवं ना. रत्नागिरी कोर्टापासून मांडवीतलं त्यांचं घर रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि मी आठ महिन्यांत तिकडे फिरकले नव्हते. ते गेले त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. रोज कोर्टात जाते, रोज सह्या करते, आणि सही करताना रोज त्यांची आठवण येते.

दत्ताराम शिवलकर हे नाव गावात फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. वडील मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, खलाशांचे प्रमुख. मुलगा शिकला आणि मुंबईला सरकारी नोकरीत गेला. तीस वर्षं त्यांनी वादातली कागदपत्रं तपासली. चेकवरच्या सह्या, निनावी धमक्यांची पत्रं, एक आकडा वाढवलेले दस्त. निवृत्तीनंतर मांडवीला परतले, पडवीत टेबल टाकलं, भिंग आणि दिवा ठेवला आणि दाराशी पाटी लावली : हस्ताक्षर व दस्तऐवज तपासणी. आमची ओळख झाली ती मात्र कोर्टात, एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणि मी त्यांची उलटतपासणी घेणारी.

"तुमच्याकडे या कामाचा परवाना आहे?" मी विचारलं.

"नाही."

"कुठे नोंदणी?"

"नाही. आणि बाई, खासगीत हे काम करणाऱ्या कुणाकडेच नाही. देणारं कार्यालयच नाही."

कोर्टात हशा पिकला. मी खूश होऊन खाली बसले. दुपारी कँटीनमध्ये चहाचा ग्लास घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. आता भांडतात की काय असं मला वाटलं. पण म्हणाले, "वकीलबाई, प्रश्न चांगला होता. मलाच नाही, जो जो तज्ज्ञ म्हणून उभा राहील त्या प्रत्येकाला विचारत जा. इथे मासेमारीची होडी नोंदवावी लागते, वडापावच्या गाडीला परवाना लागतो. आणि अमक्याची सही खोटी आहे असं सांगून माणसाला आयुष्यातून उठवणाऱ्याला काय लागतं? एक भिंग आणि एक पाटी."

तिथून आमची मैत्री झाली. शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसायची. वहिनी तळलेले बोंबील आणायच्या आणि ते मला सह्या शिकवायचे. खोटी सही करणारा सावकाश काढतो, म्हणून तिच्यात रेघ अडखळते. खरी सही दोनदा सारखी येत नाही, अगदी सारखी आली तर संशय घ्यायचा. ते बोलत आणि मी ऐकत बसायची. शेजारच्या जिल्ह्यात एक 'तज्ज्ञ' होता, तीन महिन्यांचा पोस्टाने कोर्स केलेला. गिऱ्हाईक आलं की तो आधी विचारायचा, कुणाच्या बाजूने मत हवंय? शिवलकर त्याचं नाव निघालं की ताटावरून उठायचे. "त्याला कोण जाब विचारणार? आणि त्याला नाही, तर मला तरी कोण विचारणार?" असं म्हणायचे. तेव्हा मला ते बोलणं नुसतं बोलणं वाटायचं.

मग गुहागरकडचा तो दावा आला. एक निवृत्त गृहस्थ, जन्मभर पोफळीच्या वीजगृहात नोकरी केलेले, मूलबाळ नाही, बायको आधीच गेलेली. त्यांच्या बायकोची भाची सुलभा, विधवा, लहान मुलगी घेऊन त्यांच्याकडे येऊन राहिली आणि नऊ वर्षं तिने त्यांचं सगळं केलं. अर्धांगाचा झटका आल्यावर तर अंघोळीपासून सगळं. ते वारल्यावर तिने मृत्युपत्र पुढे केलं : घर आणि सुपारीची वाडी सुलभाला. मुंबईचे दोन पुतणे म्हणाले, ही सही काकांची नाही. पुतणे माझे पक्षकार. मी मृत्युपत्र शिवलकरांकडे पाठवलं आणि तुलनेसाठी पोफळीच्या नोकरीतल्या कागदांवरच्या त्यांच्या जुन्या सह्या दिल्या.

शिवलकरांनी मला विचारलं होतं, "झटक्यानंतरच्या सह्या नाहीत का?" मी म्हटलं, पक्षकार म्हणतात नाहीत. बँकेकडून मागवता आल्या असत्या. मी मागवल्या नाहीत. वकील आपल्याच दाव्याला भोक पाडत नाही, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. आणि शिवलकरांनी... त्यांनी 'नमुने अपुरे आहेत, मत देता येत नाही' एवढं एक वाक्य लिहायचं होतं. तीस वर्षांचा अनुभव होता, तो त्या दिवशी आड आला. रेघ अडखळते आहे, सही सावकाश काढलेली आहे, म्हणून त्यांनी लिहिलं : सही मूळ व्यक्तीची नाही. मृत्युपत्रावरच्या दोन साक्षीदारांपैकी एक वारला होता, दुसरा सुलभाच्या माहेरचा, त्याच्यावर कोर्टाचा विश्वास बसला नाही. निकाल आमच्या बाजूने लागला. सुलभा मुलीला घेऊन घराबाहेर पडली आणि गावात तिचं नाव पडलं, खोट्या सहीवाली.

दोन वर्षांनी एका दुपारी शिवलकर माझ्या ऑफिसात बसले होते. काकांच्या बँकेतल्या ठेवीसाठी पुतण्यांना वारसदाखला हवा होता, त्याचे कागद टेबलावर पसरलेले होते. बोलता बोलता शिवलकरांनी एक पान उचललं. पेन्शनसाठी काकांनी दिलेला हयातीचा दाखला, झटक्यानंतरच्या वर्षातला. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर केलेली सही, खाली त्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. रेघ अडखळलेली, वेलांटी घसरलेली. मृत्युपत्रावर होती तशीच. त्यांनी खिशातून भिंग काढलं. पाच मिनिटं ते रेघ न् रेघ पाहत होते.

"वकीलबाई, हा कागद कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"आठ दिवस झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं की मी ती सही पाहिली होती... आणि पान उलटलं होतं.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "आता ही कुणाकडे सांगायची?" मी त्यांना समजावलं. अपिलाची मुदत केव्हाच गेली, कुणी विचारत नाही, कुणाला ठाऊक नाही, या वयात हे कशाला उकरून काढता? ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "डॉक्टर चुकला तर त्याची परिषद आहे. तुम्ही चुकलात तर तुमची सनद जाऊ शकते. माझ्याकडून काढून घ्यायला कुणाकडे काहीच नाही, हे केवढं वाईट आहे बघा." दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराची पाटी उतरवली.

त्यानंतर त्यांनी पत्रं लिहायला सुरुवात केली. जुन्या खात्याला लिहिलं, उत्तर आलं की आपण निवृत्त आहात, खासगी कामाशी खात्याचा संबंध नाही. मंत्रालयात लिहिलं, हा विषय आमच्याकडे येत नाही. एका कार्यालयात त्यांनी फोन केला तो किस्सा ते स्वतःच हसत सांगायचे. पलीकडच्या मुलीने विचारलं, तक्रारदाराचं नाव? दत्ताराम शिवलकर. तक्रार कुणाविरुद्ध? दत्ताराम शिवलकर. मग ती हळूच म्हणाली, "काका, घरात दुसरं कुणी आहे का? जरा त्यांच्याकडे फोन देता?" सांगताना ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं, हे मला कळत होतं.

मग एके दिवशी म्हणाले, "सुलभाबाईंकडे जाऊन येतो. चला माझ्याबरोबर." मी नाही म्हटलं. विरुद्ध पक्षकाराला वकिलाने असं भेटणं बरं दिसत नाही, हे माझं कारण. कारण खरं होतं, पण मी त्याच्याआड लपले होते हेही तितकंच खरं. ते एकटे गेले, एसटीने जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ, पुढे रिक्षा. सुलभा एका शाळेत खिचडी शिजवायला लागली होती. शाळेच्या मागच्या पायरीवर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि हात जोडले. तिने सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाली, "साहेब, मी तवाच सांगत होते ना, हात कापायचा ओ त्यांचा. मीच धरलावता कागद. माजं कुनी ऐकलंच नाय." आणि नंतर विचारलं, "ह्ये तुमी कोर्टात बोलशाल?"

ते बोलले. सुलभाने नवा वकील केला, बँकेतून कागद काढले आणि अपिलासाठी उशीर माफ करण्याचा अर्ज केला. अर्जासोबत शिवलकरांचं प्रतिज्ञापत्र होतं : माझं आधीचं मत चुकीचं होतं. नोटीस माझ्याकडे आली. पुतण्यांचं वकीलपत्र मला सोडता आलं असतं. सोडलं नाही. उत्तर मीच लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. पहिल्या दाव्यात ज्यांना मी 'तीस वर्षांचा अनुभव असलेले तज्ज्ञ' म्हटलं होतं त्यांच्याबद्दल आता लिहिलं : 'सदर इसमाकडे कोणताही शासकीय परवाना अथवा नोंदणी नाही, त्यांच्या कामावर कोणाचेही नियंत्रण नाही, सबब त्यांच्या बदललेल्या मतास काहीही महत्त्व देता येत नाही.' उशिराचं कारण पुरेसं नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला.

निकालाच्या दिवशी ते व्हरांड्यात उभे होते. मी खाली मान घालून निघाले होते, त्यांनीच हाक मारली. "वकीलबाई, उत्तर वाचलं मी. मुद्दा बरोबर आहे तुमचा. नियंत्रण नाहीच." आवाजात कुठे टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून माझे शनिवार बंद झाले. त्यांनी दोनदा निरोप पाठवला. एकदा मासळी बाजारात गाठ पडली तेव्हा पिशवीतून टाइप केलेली वीस-बावीस पानं काढून माझ्या हातात दिली. "तज्ज्ञांच्या नोंदणीचा मसुदा केलाय. आमदारांना देणार आहे. कायद्याची भाषा तेवढी तुम्ही बघा. घाई नाही." मी बघते म्हटलं. पानं ऑफिसातल्या कपाटात ठेवली. घाई नाही असं तेच म्हणाले होते ना...

ते गेल्यावर मी तो मसुदा वाचला. कायद्याची भाषा फारशी सुधारावी लागणार नाही, इतका नीट आहे. नोंदणी झाल्याशिवाय कोर्टात मत देता येणार नाही. दर पाच वर्षांनी परीक्षा, आणि त्यात उत्तर आधीच माहीत असलेले कागद तज्ज्ञाच्या नेहमीच्या कामात त्याला न कळता मिसळायचे. नमुने अपुरे असतील तर तसं लिहिणं बंधनकारक. आणि एक कलम असं, की तज्ज्ञाला स्वतःची चूक कळली तर ती कळवायला जागा असली पाहिजे, आणि तो अर्ज कुणी 'आमचा विषय नाही' म्हणून परत पाठवू नये. हे हातात आलं तेव्हाच वाचलं असतं तर मी त्या पडवीत जाऊन बसले असते. बसून काय बोलले असते ठाऊक नाही. पण बसले असते.

बाराव्याच्या दिवशी मी मांडवीला गेले. वहिनी आत होत्या. पडवीत एक बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पायाशी कापडी पिशवी, त्यातून सोललेल्या सुपाऱ्या डोकावत होत्या. कोर्टात मी त्यांना पाठमोरंच जास्त पाहिलं होतं, तरी ओळखलं. सुलभा. सकाळच्या फेरीबोटीने आल्या होत्या. त्यांनीही मला ओळखलं आणि सरकून जागा दिली. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेला एक कागद काढला. "साहेबांनी दिलावता. कोर्ट नाय म्हनालं त्येच्यानंतर. मी ग्रामपंचायतीत दावला, शाळेत दावला. पोरीच्या सासरकडची मान्सं बगायला आली तवा त्यांनाबी दावला."

शिवलकरांच्या गोल अक्षरातलं पत्र होतं. मृत्युपत्रावरची सही खरी आहे. ती खोटी ठरवण्यात माझी चूक झाली. श्रीमती सुलभा यांनी कोणतीही लबाडी केलेली नाही. आणि सहीच्या खाली शेवटची ओळ : 'या चुकीबद्दल कोणास तक्रार करावयाची असल्यास ती घेणारे कार्यालय नसल्याने खालील पत्त्यावर यावे.' खाली मांडवीचा पत्ता. आम्ही दोघी बसलो होतो तो.

मी तो कागद दोनदा वाचला. मग म्हटलं, "सुलभाताई, कोर्टात त्यांच्या विरुद्ध जे लिहून दिलं ना, ते मी लिहिलं होतं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातून कागद घेऊन पदराने पुसला. "वकिलांनी वाचून दावलानी मला. खाली सही तुमची होती."

त्यांनी कागद पिशवीत नीट ठेवला. वहिनी आतून आल्या आणि आमच्या दोघींच्या मध्ये बसल्या.