पोळ्याले दिवसभर फिरलेलं चाक

तलमडुगूकडच्या आमच्या गावात चार वर्षांआधी एक लाकडाचं चाक दिवसभर आपोआप फिरलं, असं तुमी बंदे सांगता ना?

खोटं हाय.

थे मी फिरवलं.

आज माह्या नवऱ्याले जाऊन वर्ष झालं. आता सांगाले हरकत नाई. भांडाले थो नाई, अन तुमी माहं काय करता?

ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगते. आमचे हे, म्हणजे संगीताचे बाबा, सुतार. उभा जन्म बैलगाडीचे चाकं बनवले. मंग रबराचे टायर आले, मंग ट्रॅक्टर आले, अन यायच्या चाकाले कोणी विचारेना.

दुसरा असता तं दरवाजे-खिडक्या करत बसला असता. यायनं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाह्यला.

"संगीताची माय, आता असं चाक बनवतो, ज्याले बैल नको, डिझेल नको, करंट नको."

"अन बायको?"

"थेही नको. बाहेरची कोणतीच ताकद नको."

सागवानाचं चाक, माह्या उंचीचं. त्याले बारा हात, हाताच्या टोकाले लोखंडाचे गोळे. एका बाजूनं हात पसरत, दुसऱ्या बाजूनं आखडत. पसरलेली बाजू जड, म्हणून थे खाली येईन, अन चाक जन्मभर फिरत राहीन. असं यायचं गणित.

चाक चार मिनिटं फिरे. मंग थांबे.

"जरासं घासते," म्हणत, अन एरंडीचं तेल टाकत.

पुन्हा चार मिनिटं.

मी म्हणो, "अवो, घरात बिना डिझेलचं फिरणारं एकच हाय. थे सध्या भांडे घासून राह्यलं."

हासत. अन दुसऱ्या दिवशी रंदा घेऊन पुन्हा तिथंच.

चहाच्या टपरीवर लोकं लै हासले. मंग यायनं तिथंच शपथ घेतली. पोळ्याच्या दिवशी बैलाले सुटी असते, त्या दिवशी माहं चाक काम करन. सकाळपासून पोळा फुटेस्तोर, म्हणजे बैल तोरणाखालून घरी जाईस्तोर, आपल्या मनानं फिरन. तोवर पुरणपोळी बंद!

पुरणपोळी म्हणजे यायचा जीव. माह्यापेक्षाही जास्त.

तीन पोळे गेले. मी पुरण वाटो अन शिव्या देओ. थे भाजीभाकर खाऊन उठत.

चौथ्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. लोकं बैलाच्या खांद्याले हळद-तूप चोळून राह्यले होते. आमच्या घरी बैल नाई. यायनं चाकाच्या आसाले हळद-तूप चोळलं, हात जोडले, अन बैलाले म्हणतात तसं म्हणे,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"चाकाले आवतन? पोळ्या किती लाटू त्याच्यासाठी?"

थे हासले नाई.

"संगीताची माय, उद्या नाई फिरलं तं चुलीत घालजो. अन वाकस, रंदा, पटाशी, बंदे त्याच्यामागं."

मी घाबरली. खरंच घाबरली. सुताराच्या हातातून वाकस गेला तं थो माणूस सकाळी उठन कायले?

पोळ्याच्या दिवशी चाक चुलीजवळच्या छपरीत उभं. यायनं सकाळी एक धक्का देल्ला, अन समोर ओट्यावर जाऊन बसले. म्हणे, "जवळ बसलो तं लोकं म्हणतीन म्याच ढकललं." दोन्ही हात मांडीवर, फोटो काढाले बसल्यासारखे.

चार मिनिटं झाली. चाक हळू झालं.

माह्या हातात कणकेचा गोळा.

इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन देल्ला एक धक्का.

मंग दिवसभर तेच. एक पोळी लाटली, एक धक्का. एक पोळी पलटवली, एक धक्का. दोन तं जळून कोळसा झाल्या. हे घडीघडी आत येत पाहाले, पण येण्याआधी लै खोकलत. मले वाटलं तंबाखूनं छातीची वाट लागली. खोकला ऐकला का मी चुलीपाशी, साळसूद.

शेजारचे मल्लन्ना आले, तेलुगूत विचारलं, "वदिना, तिरुगुतुंदा?"

म्हणलं, "फिरून राह्यलं ना! डोळ्यानं पाहा!"

पाह्यलं, अन तोंडावर हात ठेवून गेले. दुपारी अर्धं गाव आलं. कोणी नारळ फोडला. मी गंभीर तोंड करून प्रसाद वाटला, अन चार मिनिटांच्या आत बंद्यायले ओट्यावर पाठवलं.

पोळा फुटला. हे आत आले, हात धुतले, ताटावर बसले.

एक नाई, दोन नाई, पाच पोळ्या! तुपात बुडवून. मी समोर बसून पाहत होती. खांदा असा दुखून राह्यला होता, का बैलाच्या आधी मले हळद-तूप पाह्यजे होतं.

पाचव्या पोळीवर म्हणाले, "चाक पुसा लागते."

"काऊन?"

"पीठ लागलं. पाचही बोटांचं."

माहं तोंड उतरलं. "तुमाले मालूम होतं?"

"मले खोकला कधी होता वो?"

"मंग खाल्ली काऊन? बाहेरची ताकद नको म्हणत होते ना?"

ताटातलं तूप बोटानं पुसत म्हणाले,

"तू कधीपासून बाहेरची झाली?"

मी उठून त्यायच्या ताटात आणखी तूप वाढलं.



वाकस चुलीत गेला नाई. त्याच्यानंतरही शेवटपर्यंत हे रोज सकाळी छपरीत जात. एक दिवस चाराचे पाच मिनिटं झाले. गावात कोणाले सांगतलं नाई. मलेच हाक मारली पाहाले.

मल्लन्ना भाऊ, अन बंदे गाववाले, नारळ वाया गेला. माफी करा.

संगीताचे बाबा, भरल्या मनानं नमस्कार. जिथं असान तिथं काम चालू ठेवा.

पण धक्का द्याले दुसरी पाहू नका.

मी येते.

मले घाई नाई.