हात लागलेलं प्यादं

पटाच्या मधोमध बाबांचं पांढरं प्यादं आणि माझं काळं तिरकी समोरासमोर उभी होती. कोणीही कोणालाही मारू शकत होतं आणि बराच वेळ कोणी मारत नव्हतं.

लहानपणी असं काही दिसलं की मी लगेच मारून मोकळी व्हायचे. बाबा म्हणायचे, "मारता येतं म्हणून मारायचं नसतं. ती दोघं अडून उभी आहेत तोवर मागचा राजा सुखात असतो." थांबणं मी त्यांच्याकडूनच शिकले. किती थांबायचं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगता येत नसावं. कितीतरी गोष्टी आपण अशाच, आज नको म्हणत, उभ्या ठेवतो. वाटत राहतं, ठरवणारे आपणच आहोत.

बाबा उंट उचलायला गेले. हल्ली त्यांचा हात थरथरतो. वाटेत बोट त्या प्याद्याला लागलं.

"चुकून लागलं, बाबा. राहू द्या."

"हात लावला की तेच खेळायचं."

नियम त्यांचाच होता. याच नियमावरून त्यांनी मला कितीदा रडवलं होतं. प्याद्याला पुढे सरकायला जागा नव्हती. त्यांनी माझं प्यादं मारलं.

"आता तू मार," ते हाताकडे बघत म्हणाले.

मी हत्तीने मारलं. मधली वाट मोकळी झाली आणि त्यांच्या राजाला शह बसला. चाल त्यांची होती. त्यांनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.